धाकट्याने आधी उचलावं

लोमरोडा, ४ जून १६८३

म्हाताऱ्या ड्यूकसाहेबांना आज एकदाचं पुरलं. शवपेटीच्या मागे पहिलं कोण चालणार यावरून दोन्ही चिरंजीवांचं काल संध्याकाळपर्यंत मिटत नव्हतं. शेवटी दोघे खांद्याला खांदा लावून निघाले आणि थडग्यांच्या तळघराच्या अरुंद दारात दोघेही अडकले. थोरले गुंथर जाडे, धाकटे वोल्फ त्यांच्याहून जाडे. आत पाद्रीबुवा पुनरुत्थानाबद्दल बोलत होते आणि दारात राज्याचे वारस धापा टाकत होते. मी मागून ढकललं असं लोक म्हणतात. मी फक्त पुढे सरकलो.

आता फाळणी होणार हे सांगायला ज्योतिषी नको. या घराण्यात मुलगा जन्मला की तो ड्यूक, मग तो पहिला असो की सातवा. पणजोबांनी राज्याचे चार तुकडे केले. त्या चौघांतले दोघे निपुत्रिक मेले, एक जण दारू पिऊन खिडकीतून खाली आला, तेव्हा तुकडे पुन्हा जुळले. जुळले म्हणेपर्यंत आजोबांना मुलगे झाले. आज उत्तरेला आमचे जे चुलत ड्यूक आहेत त्यांच्या राज्यात एकच पाणचक्की आहे आणि ती उन्हाळ्यात बंद असते. नाणी पाडायचा हक्क त्यांना बादशहाने दिलेला आहे, चांदी मात्र दिलेली नाही. दक्षिणेच्या चुलत ड्यूकांकडे सैन्य आहे, एका माणसाचं. तो माणूस रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो.

आमचं उरलंसुरलं राज्य घोड्यावरून सकाळी निघून दुपारच्या जेवणापर्यंत ओलांडता येतं. त्याचा मी मंत्री. मी, मेल्खियोर ट्रोब्नर, कायद्याचा डॉक्टर. कधीकधी आरशात बघून हसू येतं.

११ जून

दोन्ही ड्यूकांना एकत्र बसवून मी सरळ सांगितलं, वाटण्या नकोत. दोघांनी मिळून राज्य करावं, खजिना एक, दरबार एक. अजून एक फाळणी झाली तर नकाशावर आपल्याला शोधायला भिंग लागेल.

गुंथरमहाराजांनी नवा फ्रेंच केसांचा टोप सावरला. "तत्त्वतः मान्य. पण जेवायला टेबलाच्या डोक्याशी कोण बसणार?"

"मी," वोल्फमहाराज म्हणाले.

"तू? तू जेवताना कुत्र्यांना मांडीवर घेतोस."

"कुत्री तुझ्या टोपापेक्षा स्वच्छ आहेत, दादा."

"आलटून पालटून बसा," मी म्हणालो.

"आणि सणाच्या दिवशी?"

तिथे माझा उपाय संपला. एक राज्य बुडायला एवढं पुरे आहे.

२० जून

घरी दुसराच तमाशा. सिबिला जेवण वाढता वाढता म्हणाली, "बाबा, योब्स्ट हाफरलांड तुम्हाला भेटायला येणार म्हणतो."

हा योब्स्ट म्हणजे वोल्फमहाराजांच्या कुत्रेखान्याचा प्रमुख. चांगला उंचापुरा माणूस आहे. डोकं असेल तर त्याने आजवर कुणाला दाखवलेलं नाही. कुत्र्यांशी इतका बोलतो की माणसांशी बोलताना त्याला शब्द आठवावे लागतात.

"कशाला? मला पिल्लू नको," मी म्हणालो.

"पिल्लू द्यायला नाही येत. मला मागायला येतोय."

मला हसू आवरेना. मी म्हणालो, "त्याला म्हणावं, आधी शिट्टी वाजवून बघ. माझी मुलगी धावत आली तर घेऊन जा."

ती सूपचं भांडं उचलून आत गेली. पोरगी शहाणी आहे, विनोद कळतो तिला. तिची आई गेल्यापासून या घरात माझं बोलणं समजणारी ती एकटीच आहे. संध्याकाळी मी दरबारातल्या गमती सांगतो, ती ऐकते. गावात दुसऱ्या कुणाशी बोलायचं म्हणजे भिंतीशी बोलण्यासारखं. तिला कुत्रेखान्यात पाठवून मी एकटा काय करू? नाही म्हणजे नाही. कायद्याने बापाच्या संमतीशिवाय पाद्री लग्न लावत नाही, आणि ती संमती माझ्या खिशात आहे.

२ जुलै

ठरलं. फाळणी होणार, घराण्याच्या रिवाजाप्रमाणे: थोरल्याने वाटे पाडायचे, धाकट्याने आधी उचलायचं. थोरल्याने लबाडी करू नये म्हणून कुणा शहाण्या पूर्वजाने ही रीत घातली. तो एकच शहाणा असावा, पुन्हा तसा झाला नाही.

वाटे पाडायचे म्हणजे अर्थात मी पाडायचे. गुंथरमहाराज म्हणाले, "डॉक्टर, असे पाडा की वोल्फने कुठलाही उचलला तरी माझं मन दुखलं नाही पाहिजे. शेवटच्या खिळ्यापर्यंत समान."

शेवटच्या खिळ्यापर्यंत! घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात कल्पना पक्की झाली होती. यांना समान पाहिजे ना? असं समान देतो की वाचून दाखवताना दोघांना स्वतःचीच लाज वाटेल, दोघे पोट धरून हसतील आणि म्हणतील, डॉक्टर, पुरे, राज्य एकच राहू द्या. मूर्खाला समजावून सांगता येत नाही, पण त्याचा मूर्खपणा त्याच्यासमोर मांडून दाखवता येतो.

१५ जुलै

इतकी मजा मला विद्यापीठ सोडल्यापासून आली नव्हती. रेघ राजवाड्याच्या अंगणातून काढली. जेवणाचं दालन पश्चिमेला, स्वयंपाकघर पूर्वेला. पुढे ती गावातून नदीवर येते आणि पुलाच्या बरोबर मधून जाते. चर्चचा मंडप एकाचा, मनोरा दुसऱ्याचा. बाजारातली विहीर एकाची, पोहरा दुसऱ्याचा. नदीचं पाणी एकाचं, त्यातले मासे दुसऱ्याचे. फाशीचा खांब मात्र दोघांच्या समाईकीत ठेवला, प्रजेला तेवढा तरी एकोपा दिसावा.

मग प्रजेचा प्रश्न आला. माणसं कशी वाटायची? मी कलम लिहिलं: संत मिखाएलच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी ज्याने ज्या बाजूला बसून सूप प्यायलं, तो त्या बाजूच्या ड्यूकाचा. त्यानंतर आपल्या ड्यूकाच्या लेखी परवान्याशिवाय कुणीही रेघ ओलांडायची नाही. हरणांना हे कलम लागू नाही, कारण हरणं सूप पीत नाहीत.

सिबिलाला वाचून दाखवलं. हरणांपाशी ती खळखळून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

"बाबा, पण त्यांना हे खरंच वाटलं तर?"

"कुणाला?"

"महाराजांना."

"वेडी आहेस का? गुंथरसाहेब मूर्ख आहेत, पण पोहऱ्याशिवाय विहीर कुणी मागेल का?"

२३ जुलै

आज दरबारात वाचून दाखवलं.

स्वयंपाकघर आणि जेवणाचं दालन यांच्यापाशी मी थांबलो, हसायला वेळ दिला. कुणी हसलं नाही. मनोऱ्यापाशी थांबलो. विहिरीपाशी तर इतका थांबलो की हुजऱ्याला वाटलं मला पाणी पाहिजे.

वोल्फमहाराज पुढे वाकले. "पोहरा साखळीसकट की साखळीशिवाय?"

"साखळी... साखळीसकट, महाराज."

"मग तिकडचा वाटा जड होतो," गुंथरमहाराज म्हणाले. "साखळी लोखंडी आहे."

यावर बराच वेळ वाद झाला. माशांवर त्याहून जास्त. पाण्याबाहेर उडी मारलेला मासा हवेत असताना कुणाचा, हे वोल्फमहाराजांनी विचारलं. हे असलं काही मला स्वतःला सुचलं नव्हतं, हे कबूल केलं पाहिजे.

शेवटी गुंथरमहाराज उठले. डोळ्यांत पाणी होतं. माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "आमच्या घराण्यात इतकी वाटणीपत्रं झाली, पण इतकं न्याय्य कुणी लिहिलं नाही. ट्रोब्नर, आजपासून तुम्ही आमचे महामंत्री."

आता अशा वेळी खुलासा करणं बरं दिसलं नसतं. सगळा दरबार उभा राहून टाळ्या वाजवत होता.

२४ जुलै

सिबिलाने विचारलं, "हसले का?"

मी म्हणालो, "तपशिलावर चर्चा झाली."

९ ऑगस्ट

वोल्फमहाराजांनी पूर्वेचा वाटा उचलला. कारण? स्वयंपाकघर. स्वयंपाकघरातली हाडं थेट कुत्रेखान्यात जातात. राज्य निवडायचं हे परिमाण आहे. गुंथरमहाराजांकडे जेवणाचं दालन आलं, पश्चिम बाजू आली, माझं घर आणि मी आलो.

पुलावर मधोमध चुन्याची पांढरी रेघ मारली. दोन्ही ड्यूक मारताना हजर होते. रंगाऱ्याचा हात हलला तेव्हा गुंथरमहाराजांनी स्वतः दोरी धरली. मला वाटतं त्यांच्या कारकिर्दीतलं हे सर्वांत मोठं काम.

३ सप्टेंबर

गुंथरमहाराजांचं जेवण आता परदेशातून येतं. माणसांना परवाना मिखाएलच्या सणापासून लागेल, ताटांना आतापासूनच लागतो; तो तपासेपर्यंत रस्सा थिजतो. काल मेजवानीत अंगावर चरबीचा पांढरा थर घेऊन बदक आलं. पाहुण्यांनी पावाकडे हात वळवला. महाराज सुरी घेऊन म्हणाले, "राज्य चालवायचं म्हणजे त्याग आला."

सिबिलाला या कायद्यात इतका रस वाटेल असं वाटलं नव्हतं. आज सूप पिताना विचारत होती, "बाबा, त्या संध्याकाळी माणसाने अर्धी वाटी एका बाजूला आणि अर्धी दुसऱ्या बाजूला प्यायली तर?"

"शेवटचा घोट जिथे, तिथला."

"आणि नुसताच एक घोट प्यायला तर?"

"एक घोटही सूपच. कायद्याला पोट भरलं की नाही याच्याशी कर्तव्य नाही."

"आणि मुलगी बापाच्या घरची असली तरी?"

"कलमात लिंग, वय, नातं काहीही नाही. सूप, फक्त सूप."

मान हलवत होती. मुलगा असती तर विद्यापीठात पाठवली असती. इतके नेमके प्रश्न मला दरबारात एकानेही विचारलेले नाहीत. मला फार बरं वाटलं.

२० सप्टेंबर

सिबिला हल्ली सारखी शिवत असते. हिवाळ्याचा जाड झगा सप्टेंबरातच काढून नीट केला, तिच्या आईच्या चादरी धुऊन दुमडल्या. मी म्हणालो, "अगं, थंडीला अजून वेळ आहे." तर म्हणाली, "ऐन वेळी धावपळ नको." घर सांभाळायची हौस आहे पोरीला. कुत्रेवाल्याचं नावही आता काढत नाही. हसण्यावारी नेलं की असली खुळं आपोआप जातात, मी आधीच म्हटलं होतं.

२८ सप्टेंबर

आज सूपची संध्याकाळ. गावात एखादी जत्रा असल्यासारखी गडबड. गुंथरमहाराजांनी चौकात कढई ठेवून फुकट सूप वाटलं, वोल्फमहाराजांनी पलीकडे सॉसेज घालून वाटलं. साहजिकच अर्धा पश्चिम भाग पूर्वेला पळाला. दोन्ही बाजूंचे शिपाई सूपच्या वाट्या मोजत होते. म्हातारा लोहार दोन्हीकडे प्यायला आणि आता दोघेही ड्यूक त्याच्यावर हक्क सांगताहेत. तो म्हणतो, मला दोघांचाही कर देता येणार नाही, पण दोघांचंही सूप चालेल.

आमच्या घरी सूप तयार होतं, सिबिला नव्हती. चर्चमध्ये गेली असेल. मी एकट्यानेच प्यायलं. मीठ जरा जास्त होतं.

२९ सप्टेंबर

ती चर्चमध्ये नव्हती.

सकाळी पलीकडून निरोप आला. वोल्फमहाराजांच्या शिपायाने अदबीने वाचून दाखवला: सिबिला ट्रोब्नर, वय चोवीस, हिने काल संध्याकाळी कुत्रेखान्याच्या प्रमुखाच्या आईच्या घरी सूपचा एक घोट साक्षीदारांसमोर प्यायला. आजपासून ती वोल्फमहाराजांची प्रजा. माझ्या दारात तो शिपाई कौतुकाने बघत राहिला. "साहेब, कलम अगदी बिनचूक लिहिलंत हो. आमच्या महाराजांनी स्वतः तपासलं, कुठेच फट नाही."

मी सही करून पावती दिली. दुसरं काय करणार.

पेटी गेली आहे. चादरी गेल्या आहेत. माझे मोजे मात्र सगळे रफू करून घड्या घालून ठेवलेत.

२ ऑक्टोबर

संमती अजून माझ्याकडे आहे, हा मला धीर होता. तोही गेला. वोल्फमहाराजांनी प्रजा मिळून आठवडा व्हायच्या आत स्वतःचं धर्ममंडळ स्थापन केलं. त्यात एक बहिरा पाद्री आणि शिकारखान्याचा कारभारी, एवढेच. त्या मंडळाने पहिलाच ठराव केला: वधूचा बाप परदेशी राहत असेल तर त्याच्या जागी ड्यूक संमती देतील.

परदेशी! माझ्या खिडकीतून कुत्रेखान्याचा धूर दिसतो.

योब्स्टची आई बाजारात रेघेपलीकडून बोलली असं आमच्या मोलकरणीने सांगितलं. म्हणे, "डॉक्टरसाहेबांनी एकदा माझ्या पोराशी नीट बोलायला पाहिजे होतं. तो वाट बघत होता. चांगला डगला घालून रविवारी दोनदा दारापर्यंत आला आणि परत गेला." बायकांना बोलायला विषय लागतो.

१० ऑक्टोबर

लग्न अठराला. पलीकडून आमंत्रण आलं. सिबिलाने तोंडी निरोप पाठवला, "बाबांना म्हणावं, या. मी त्यांची खुर्ची माझ्या उजव्या हाताला ठेवते."

जायचं तर परवाना पाहिजे. पश्चिमेचे सगळे परवाने मीच देतो. महामंत्री स्वतःला देऊ शकत नाही, तो गुंथरमहाराजांकडून घ्यावा लागतो, कारण सांगून. कारण काय सांगू? की मी लिहिलेल्या कलमातून माझीच मुलगी निसटली? सगळा दरबार हसेल. विहिरीवर जे हसले नाहीत, पोहऱ्यावर हसले नाहीत, हवेतल्या माशावर हसले नाहीत, ते नेमके यावर हसतील.

आज तीनदा महाराजांच्या दारापर्यंत गेलो. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, "काय हो ट्रोब्नर, काही म्हणायचंय?"

मी म्हणालो, "बदकाच्या चरबीबद्दल विचार करत होतो, महाराज."

१८ ऑक्टोबर

लग्न झालं. मी गेलो नाही.

जेवलो नाही. सकाळी दरबाराचा काळा झगा घातला, कशाला घातला कोण जाणे, आणि दुपारी पुलाकडे फिरायला गेलो. फिरायला जाण्याला परवाना लागत नाही, पश्चिमेच्या अर्ध्या पुलापर्यंत मला पूर्ण मुभा आहे. पलीकडे कुत्रेखान्याच्या अंगणात टेबलं मांडली होती. सारंगीवाले वाजवत होते. वोल्फमहाराज टेबलाच्या डोक्याशी बसले होते, मांडीवर कुत्रं होतं. योब्स्ट उभा राहून काहीतरी बोलत होता आणि लोक हसत होते. त्याच्यावर हसत नव्हते. त्याने काही गमतीचं सांगितलं असावं. मला हे ठाऊक नव्हतं, की तो गमतीचं बोलतो.

तिने मला पाहिलं. माझी खुर्ची रिकामीच होती, म्हणजे तिच्या उजव्या हाताची. ती उठली, झगा सावरत, ताटलीत आलुबुखाऱ्याचा केक घेऊन सरळ पुलावर आली. डोक्यावर फुलांचा मुकुट होता. तिची आई असाच घालून चालत आली होती, पण तेव्हा मी पाहायला समोर होतो.

पूर्वेचा शिपाई लग्नात जेवत होता. पश्चिमेचा शिपाई माझ्याकडे बघत होता. रेघ आली तेव्हा ती थांबली नाही. तिने पाहिलीसुद्धा नसावी. सरळ ओलांडून माझ्यापाशी आली, गालावर ओठ टेकले, म्हणाली, "बाबा, मला वाटलंच होतं तुम्ही याल."

आणि मी काय म्हणालो? इतक्या दिवसांत मनात किती वाक्यं जुळवली होती. मी शिपायाकडे बघितलं आणि माझ्या तोंडून निघालं, "सिबिला, परवाना आहे का?"

ती हसली. खळखळून, हरणांपाशी हसली होती तशीच. तिला वाटलं, मी चेष्टा करतोय.

मग माझं तोंड पाहून हसायची थांबली. केकची ताटली माझ्या हातात दिली आणि रेघ ओलांडून परत गेली.